अमेरिकेचं यादवी युद्ध गुलामगिरीवरूनच झालं, हे मान्य करायला इतकं जड का जातं?

रानवाट:
अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) गुलामगिरीवरून नव्हतंच, दक्षिणेची राज्यं आपल्या हक्कांसाठी आणि जाचक आयातकराविरुद्ध लढली, असं हल्ली चांगली वाचलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. हे मत नुसतं चूक नाही, तिथल्या जवळपास चाळीस लाख गुलामांवर पुन्हा एकदा अन्याय करणारं आहे. म्हणून हा धागा.

फुटून निघताना ही राज्यं स्वतः काय म्हणाली ते बघा. मिसिसिपीने जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. त्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, आणि आमचं सरकार याच पायावर उभं आहे. गुलामांवरच्या मालकीला बाध आणणारा कायदा करायला त्यांच्या राज्यघटनेतच बंदी होती.

आणि राज्यांचे हक्क? साउथ कॅरोलायनाची तक्रार बरोबर उलटी होती. पळून गेलेले गुलाम उत्तरेची राज्यं परत करत नाहीत, आपापले कायदे करून अडवतात, यावर त्यांचा राग. १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा उत्तरेच्या राज्यांनी मुकाट्याने पाळावा, हा आग्रह. आयातकर वाढला तो मार्च १८६१ मध्ये, सात राज्यांनी फुटण्याचे ठराव केल्यावर. त्याआधीचे १८५७ चे दर कमीच होते.

ठोकताळा:
असहमत. तुम्ही दक्षिणेचे कागद वाचलेत, उत्तरेचेही वाचा. ऑगस्ट १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलं की एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसंच करीन. जुलै १८६१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की हे युद्ध राज्यांच्या अंतर्गत संस्थांना, म्हणजे गुलामगिरीला, हात लावण्यासाठी नाही. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं उत्तरेच्याच बाजूला होती, आणि लिंकनची १ जानेवारी १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा त्यांना लागूच नव्हती! ज्याला गुलामगिरी नष्ट करायची आहे तो असा लढतो का? दक्षिणेचे बहुतेक शिपाईही स्वतः गुलामांचे मालक नव्हते. ते आपली शेतं आणि घरं राखायला उभे राहिले.

रानवाट:
उत्तर आधी संघराज्यासाठी लढली, यावर माझा वाद नाहीच. पण दक्षिण फुटली कशामुळे, हा प्रश्न वेगळा आहे. फुटलेल्यांची समजूत घालायला काँग्रेसने मार्च १८६१ पर्यंत एक घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर केली होती. तिच्यात काय होतं? करात सूट नाही. राज्यांमधल्या गुलामगिरीला केंद्र कधीच हात लावणार नाही, ही हमी! भांडण कशावरून आहे हे तडजोड करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. दक्षिणेला तेवढंही पुरलं नाही, कारण त्यांना पश्चिमेच्या नव्या प्रदेशांतही गुलाम न्यायचे होते आणि लिंकनच्या पक्षाचा त्यालाच विरोध होता.

विदर्भकन्या:
तुम्ही दोघंही पुढाऱ्यांच्या कागदांतच अडकलात. युद्धाचा हेतू बदलला तो गुलामांनी. मे १८६१ मध्ये, म्हणजे लढाई पेटून जेमतेम दीड महिना होत नाही तोच, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीने फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यावर पोहोचले. त्यांच्या मालकाचा माणूस परत न्यायला आला, तेव्हा जनरल बटलरने नकार दिला. बातमी पसरली आणि माणसं बायकापोरांसह येतच राहिली. वॉशिंग्टनला धोरण ठरवणं भाग पडलं, ऑगस्टमध्ये कायदा झाला.

रॉबर्ट स्मॉल्सचं नाव मला इथे घ्यायलाच हवं. मे १८६२ मध्ये या गुलाम खलाशाने चार्ल्सटनच्या बंदरातून दक्षिणेचं ‘प्लँटर’ जहाज पहाटे बाहेर काढलं. कप्तानाची टोपी घालून, किल्ल्यांना ठरलेल्या शिट्ट्या देत, बायकामुलांना आणि सोबत्यांना घेऊन तो थेट उत्तरेच्या आरमारात गेला. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात लढले. त्यांना कोणी विचारलं असतं तर युद्ध कशासाठी आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

ठोकताळा:
स्मॉल्सबद्दल आदरच आहे, ताई. पण सहा लाखांहून जास्त माणसं मेली. ब्रिटनने १८३३ मध्ये मालकांना दोन कोटी पौंड भरपाई देऊन आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवली. अमेरिकेला हे का जमू नये?

रानवाट:
लिंकनने करून पाहिलं. छोट्या डेलावेअरपुढेही भरपाईची योजना ठेवली, त्यांनी घेतली नाही. राजधानीत मात्र एप्रिल १८६२ मध्ये मालकांना पैसे देऊन गुलाम सोडवले गेले. दक्षिणेत गुलामांची बाजारातली किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या भांडवलाहून जास्त होती. ती सोडायला कोण राजी होणार? शिवाय भरपाई मालकांनाच का? राबले कोण?

जुनं_गिरगाव:
या युद्धाची झळ मुंबईलाही लागली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सट्टेबाज व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे शेअर, बॅक बे इथे समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या, सगळा फुगारा त्यातूनच. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि त्या वर्षीच मुंबईत अनेकांचं दिवाळं निघालं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांना युद्धाचा अर्थ कळला होता.

ठोकताळा:
फुल्यांनी निकालाचा गौरव केला, कारणांची चिकित्सा नव्हे. आणि त्याच उत्तरेने १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राजधान्यांतून संरक्षणाची फौज मागे घेऊन काळ्यांना जुन्या मालकांच्या हवाली केलं. गुलामगिरीचाच प्रश्न होता तर बारा वर्षांत विसर कसा पडला?

विदर्भकन्या:
विसर पडला तो गोऱ्या उत्तरेला, आणि तुमचा हा राग मलाही आहे. पण फुल्यांचा ग्रंथ आला तेव्हा स्मॉल्स साउथ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये निवडून आलेला सदस्य होता. ज्यांनी तो हक्क पुढे हिसकावला, त्यांनीच मग शाळेच्या पुस्तकांत लिहिलं की युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं. तुम्ही मांडताय ती बाजू तिथून आलेली आहे.