मदत हवी आहे : जेनेटिक्स विषय घेऊन बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय? (खानापूर–बेळगाव परिसर)

नमस्कार.

माझ्या पुतणीने रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि जेनेटिक्स हे तीन विषय घेऊन बेंगळूरच्या एका महाविद्यालयातून बी.एस्सी. पूर्ण केले आहे. आमचे घर खानापूर तालुक्यात असून तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात आणि पीयुसी (अकरावी-बारावी) धारवाडला इंग्रजीतून झाले. कन्नड ती सहज बोलते आणि वाचते, मात्र लिहिताना अडखळते. घरात मी एकटाच शिक्षक असल्याने सल्ल्याची जबाबदारी माझ्याकडे आली. पण माझा विषय इतिहास असल्यामुळे जाणकारांना विचारणे इष्ट वाटले.

तिच्या वडिलांचे म्हणणे आहे की बी.एड. करून हायस्कूलला लागावे. मला यात एक अडचण दिसते. आपल्याकडे हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकपदासाठी रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय पाहिले जातात, आणि जेनेटिक्स त्या चौकटीत कुठे बसवायचे हा प्रश्न प्रत्येक भरतीच्या वेळी नव्याने उभा राहील. नात्यातील काहींनी डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून एखाद्या लॅबमध्ये रुजू होण्याचा सल्ला दिला आहे. तिची स्वतःची इच्छा एम.एस्सी. करण्याची आहे, परंतु ह्यूमन जेनेटिक्स, बायोटेक्नॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स आणि बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्रीय माहितीचे संगणकावरील विश्लेषण) या चारांतील नेमके काय घ्यावे हे तिला ठरवता येत नाही. शेती घरचीच असल्याने बियाण्यांच्या संशोधनाकडेही तिचा ओढा आहे.

दुसरा प्रश्न सीमाभागातल्या आपल्या सर्वांचा आहे. सरकारी नोकरीचा विचार केला तर तयारी कर्नाटकची करावी, महाराष्ट्राची करावी की केंद्राची? दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात वर्षे वाया जातील अशी भीती वाटते. ज्यांनी स्वतः या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

— खानापूरकर शिक्षक

प्रतिसाद : निपाणीची लेक

सर, मी मूळची निपाणीची असून बेंगळूरच्या एका खासगी जनुकीय निदान प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे त्या बाजूचे खात्रीने सांगू शकते. डी.एम.एल.टी.चा रस्ता वाईट नाही, पण तो रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबकडे जातो, आणि त्यासाठी जेनेटिक्सची तीन वर्षे खर्च करण्याची गरज नव्हती. आमच्याकडे केवळ बी.एस्सी.वर मिळते ते नमुने नोंदवण्याचे आणि डी.एन.ए. वेगळा काढण्याचे काम. अहवालाच्या जवळ जायचे असेल तर एम.एस्सी. अपरिहार्य आहे.

प्रयोगशाळेतही कामाचे दोन-तीन वेगळे स्वभाव आहेत. एका विभागात रक्तातील पेशी साधारण तीन दिवस वाढवून त्यांतील 46 गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मांडली जातात, आणि एकविसावे गुणसूत्र जादा असेल तर डाउन सिंड्रोमचे निदान होते. या कामाला नजर आणि चिकाटी लागते. दुसऱ्या विभागात पी.सी.आर. (डी.एन.ए.च्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणे) आणि सिक्वेन्सिंग (डी.एन.ए.मधील अक्षरांचा क्रम वाचणे) चालते. तिसरे काम संगणकावरचे आहे आणि माझ्या मते आज माणसांची सर्वांत जास्त चणचण तिथेच आहे. एका रुग्णाच्या सिक्वेन्सिंगमधून हजारो बदल हाती येतात. त्यांपैकी आजाराला कारणीभूत कोणता हे ठरवून अमेरिकी तज्ज्ञांच्या 2015 च्या पाच-श्रेणी पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला 'रोगकारक' पासून 'निरुपद्रवी' पर्यंतचा शिक्का द्यावा लागतो. मधल्या श्रेणीत, म्हणजे 'अर्थ अनिश्चित' मध्ये, सर्वांत जास्त डोकेदुखी असते. तिला लिनक्स ही संगणक प्रणाली आणि पायथन, आर या संगणकभाषा यांची थोडीफार ओळख असेल तर बायोइन्फर्मॅटिक्सची वेगळी पदवी न घेताही हे दार उघडते. स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल. या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचांवर हे विषय विनाशुल्क शिकता येतात.

आता मला विशेष सुचवावेसे वाटते ते जनुकीय समुपदेशन. समुपदेशक कुटुंबाचा तीन पिढ्यांचा नकाशा काढतो, आजार पुढच्या मुलात येण्याची शक्यता समजावतो आणि कोणती तपासणी करायची, कोणती नाही, याचा निर्णय कुटुंबाला घेऊ देतो. आपल्या भागात मामेभाऊ-आतेबहीण विवाह आजही होतात, आणि उत्तर कर्नाटकात मामा-भाचीचे लग्नही नवीन नाही. चुलत-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते, तर मामा-भाचीच्या अपत्यात ती आठात एक होते. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्तविकारात आई-वडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाधित मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के राहते. हे सारे घरातल्या आजीला, सासूला, दुखावणार नाही अशा शब्दांत मराठीत आणि कन्नडमध्ये सांगणारी मुलगी फार थोड्या ठिकाणी मिळते. तुमच्या पुतणीचे लिहिण्यातले अडखळणे इथे आड येत नाही; बोलणे चालते. मणिपालच्या विद्यापीठात या विषयाची एम.एस्सी. आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते : पगाराच्या पदांची संख्या अजून कमी आहे आणि ती बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. बेळगावातच राहायचे ठरवले असेल तर वाट पाहावी लागेल.

गर्भजल तपासणीशी संबंध येणाऱ्या प्रत्येक केंद्राला 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि तिथे काम करणाऱ्यांची पात्रता त्यात नोंदवली जाते. मुलाखतीला जाताना त्या जागेची नोंदणी आहे का, हे तिने निःसंकोच विचारावे.

प्रतिसाद : बियाणेवाला

बियाण्यांबद्दल थोडक्यात, कारण इथे गैरसमज फार आहे. धारवाडच्या संशोधन केंद्रातून 1972 साली डॉ. बी. एच. कटरकी यांनी 'वरलक्ष्मी' हा कापसाचा संकरित वाण दिला, आणि पुढे त्याच परंपरेत तांबेऱ्याला दाद न देणारे डी.एस.बी. 21 हे सोयाबीन आले. साहजिकच आपल्या भागातल्या मुलांना वाटते की जेनेटिक्स केले म्हणजे धारवाडच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळेल. प्रत्यक्षात वनस्पती पैदास विषयाच्या एम.एस्सी.ला बहुतेक कृषी विद्यापीठे बी.एस्सी. कृषी पदवीच मागतात, आणि साध्या विज्ञान शाखेच्या पदवीधराला दाराबाहेर उभे राहावे लागते. तिला बियाणे कंपनीतच जायचे असेल तर वनस्पती जैवतंत्रज्ञान घ्यावे. कंपन्यांच्या मार्कर प्रयोगशाळा, जिथे रोपाच्या पानावरून रोगप्रतिकारक जनुक आहे की नाही ते पाहतात, तिथे ही माणसे घेतली जातात. शेतातली निवड मात्र कृषी पदवीधरच करतो. ही वस्तुस्थिती अर्ज भरण्याआधी कळलेली बरी.

प्रतिसाद : सेट-नेट

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. पदव्युत्तर प्रवेशासाठी आय.आय.टी.ची जॅम आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी या दोन्ही परीक्षा केंद्रीय आहेत; दोन्हींत कन्नड-मराठीचा प्रश्न येत नाही, आणि गॅट-बी मार्फत अनुदानित अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाल्यास विद्यावेतनही मिळते. जेनेटिक्स हाच विषय हवा असेल तर म्हैसूर, उस्मानिया आणि दिल्ली या तिन्ही विद्यापीठांत त्याचे स्वतंत्र विभाग आहेत.

एम.एस्सी.नंतर सी.एस.आय.आर. नेट (संशोधन आणि महाविद्यालयीन अध्यापनासाठीची केंद्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होऊन जे.आर.एफ. ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात आणि ती पात्रता देशभर चालते. सेट या राज्याच्या अध्यापन पात्रता परीक्षेचे तसे नाही. कर्नाटकाची के-सेट कर्नाटकातच, तर महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोवा इथपर्यंतच उपयोगी पडते. सीमाभागातल्या मुलांनी म्हणूनच नेटला प्राधान्य द्यावे. दोन्ही राज्यांच्या सेटसाठी वेगळी तयारी करण्याची गरज नाही, अभ्यासक्रम जवळपास सारखाच असतो.

राज्य सेवेतील पदांबाबत दोन्हीकडच्या अटी वेगळ्या आहेत. कर्नाटकाच्या भरतीत कन्नड भाषेची अनिवार्य परीक्षा असते, त्यामुळे लिहिण्याचा सराव आजपासून सुरू केलेला बरा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांत पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. तुमचे गाव त्या यादीत असल्यास तहसीलदार कार्यालयातील वास्तव्याचे पुरावे आत्ताच गोळा करून ठेवावेत, ऐन वेळी ते हाती लागत नाहीत.

फॉरेन्सिकला (गुन्ह्यांतील पुराव्यांच्या वैज्ञानिक तपासणीला) येत्या काळात वाव आहे असे मला वाटते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे बंधनकारक केले आहे, आणि राज्यांना त्यासाठी मनुष्यबळ उभे करावे लागत आहे. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, तर राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र धारवाडला आले आहे. जाहिरातीतील पात्रता मात्र ओळ न् ओळ वाचावी. जीवशास्त्र विभागाच्या पदासाठी विषयांची नावे ठरलेली असतात आणि 'समकक्ष' या शब्दावर विसंबून भरलेला अर्ज पुढे बाद होऊ शकतो.

खानापूरकर शिक्षक यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पुतणीने हे सर्व वाचले. बियाण्यांचा विचार ती सोडून देत आहे. समुपदेशन आणि संगणकावरचे काम या दोहोंकडे तिचा कल वाढला आहे. निपाणीच्या ताईंना एकच विचारतो : प्रवेशाची वाट पाहताना जे महिने हातात आहेत, त्यांत बेळगावातच काही अनुभव मिळण्याची शक्यता आहे का?

प्रतिसाद : निपाणीची लेक

आहे, सर. नेहरूनगरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. तिथे प्रकल्पांवर तात्पुरत्या जागा निघतात आणि थेट मुलाखती होतात. संकेतस्थळावरील जाहिराती ती नियमित पाहत जावो. काम जनुकांचेच असेल असे नाही, पण पिपेट हाताळणे, नोंदवही ठेवणे आणि नीतिसमितीचे कागद भरणे हे तिथे शिकता येते. पगार बेताचा असतो. मुलाखतीला जाताना तृतीय वर्षाच्या प्रयोगवह्या सोबत न्याव्यात.