डोंगरावरचं गाव आणि जुनी मित्रमंडळी: तुमचे निवांत दिवस सांगा

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच मैत्रिणी माथेरानला तीन दिवस राहून आलो. कॉलेज सुटून बावीस वर्षं झाली. मधल्या काळातल्या भेटी म्हणजे कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या आजारपणात, तासा-दोन तासांच्या. निघताना एकच अट घातली होती: पॉइंट 'उरकायचे' नाहीत.

नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठला. तिथून पुढे मोटारींना बंदी. प्रवासी कराची पावती घेतली, बॅगा हमालाकडे दिल्या आणि अमन लॉज स्टेशनावरून माथेरानपर्यंत जाणारी शटल गाडी सोडून चालतच निघालो. तांबडी माती, शेजारी रूळ, वर झाडांची कमान. बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर असेल. थोड्या वेळाने लक्षात आलं की आम्ही पाचही जणी एका रांगेत, रस्ताभर पसरून चालतोय. शहरात चालता-चालता बोलायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी 'अगं, आत ये, गाडी येतेय' म्हणून वाक्य तुटतं. इथे घोडा आला तर त्याच्या टापा लांबूनच ऐकू येतात. कितीतरी वर्षांनी आमची वाक्यं पुरी झाली, आणि मला माथेरान आवडण्याचं खरं कारण हेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारलोट तलावाच्या काठी बसलो होतो. पिसरनाथाच्या देवळातली घंटा मधूनच वाजत होती. आमच्यातल्या एकीची आई कोविडमध्ये गेली. त्याबद्दल ती आजवर आमच्यापाशी कधीच बोलली नव्हती. फोनवर विचारलं की 'ठीक आहे गं' म्हणायची. त्या सकाळी ती आपणहून बोलायला लागली. हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं ते, आईच्या पिशवीत राहिलेला चष्मा, सगळं. आम्ही नुसतं ऐकलं. एको पॉइंटला जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

परतताना मात्र हट्टाने मिनी ट्रेनने नेरळपर्यंत आलो. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने सुरू केलेली ही रेल्वे. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, त्यामुळे डबाही अरुंद. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागतात. एकवीस किलोमीटर उतरायला दोन तासांहून जास्त वेळ लागला आणि आम्हाला तोही कमीच वाटला.

आता तुम्ही सांगा. कोणतं गाव, कुणाबरोबर, कुठल्या ऋतूत? काय खाल्लं, कुठे बसलात? आणि काय केलं नाही, तेही आवर्जून लिहा.

*

माथेरानच, पण जूनअखेर. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते. अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू असते. ऑफिसातले चौघे होतो. पॅनोरमा पॉइंटला धुक्याशिवाय काही दिसलं नाही, म्हणून बंगल्याच्या व्हरांड्यात दिवसभर पत्ते कुटले. पहाटे मात्र कुणीतरी माणूस शीळ घालत चाललाय असं वाटून जाग आली. सूर धड लागत नव्हता, पण गोड होता. बंगल्याच्या माळीदादांनी सांगितलं, तो शीळकरी कस्तूर पक्षी, पाऊस लागला की गातो. पुढचे दोन्ही दिवस आम्ही चौघं साडेपाचला उठून, शाली गुंडाळून, न बोलता व्हरांड्यात बसलो. एरवी ऑफिसात आठच्या मीटिंगसाठी आमच्यातल्या एकाचेही डोळे उघडत नाहीत.

*

आम्ही अकोल्याचे, त्यामुळे आमचं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा. विदर्भात दुसरं आहेच कुठे? परतवाडा सोडलं आणि घाट चढायला लागलं की अंगावरचं ऊन उतरल्यासारखं होतं. उंची अकराशे मीटरच्या आसपास. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं पुढे चिखलदरा झालं, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. भीमकुंडावर हात धुतले ते तिथेच, असंही.

ऑक्टोबरात शाळेतले सहा मित्र गेलो होतो. तिघे शेती करतात, एक शिक्षक, एक पुण्यात आयटीत, आणि मी दुकानदार. सोयाबीन काढून झालं होतं आणि बाजारभावाने त्या वर्षी शेतकरी मित्रांची झोप उडवली होती. गाविलगडावर गेलो. पडकी तटबंदी, कमरेएवढं गवत, आणि आम्ही सोडून कुणी नाही. तिथल्या तळ्याकाठी डबा उघडला: भाकरी, ठेचा, कच्चा कांदा, आणि आयटीवाल्याने पुण्याहून आणलेली बाकरवडी. जेवण झाल्यावर आमचा सर्वांत गप्प मित्र गवतातच आडवा झाला आणि गाढ झोपला. 'महिन्याभरात अशी झोप लागली नाही' हे त्याने उठल्यावर सांगितलं. आम्ही दोन तास त्याच्या आजूबाजूला हळू आवाजात बोलत बसलो होतो. गडाचा निम्मा भाग बघायचा राहिला, त्याची कुणालाही हळहळ नाही.

येताना इथली कॉफी घेतली. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पुण्याच्या मित्राला ठाऊकच नव्हतं. आता दर वेळी मीच त्याला पाठवतो.

*

माझा अनुभव उलटा आहे, पण लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मे महिन्यातला शनिवार-रविवार, महाबळेश्वर. पसरणी घाटापासूनच गाड्यांची रांग. हॉटेलात पोचलो तर बुक केलेल्या तीन खोल्यांपैकी एक दुसऱ्याला दिलेली. आठ जणी दोन खोल्यांत. चिडचिड झाली, दोघींचं आपसात वाजलंही. दुसऱ्या दिवशी सरळ पाचगणीला उतरलो आणि टेबललँडवर वाऱ्यात बसून राहिलो, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. सुट्टीचा हंगाम टाळा आणि मधले वार धरा, एवढंच सांगेन.

*

आंबोली, जुलै. आम्ही म्हापशाचे, सावंतवाडीवरून घाट चढलं की पोचलोच. धबधब्याखाली भिजायला येणारे पुष्कळ, पण गावात एक-दोन रात्री मुक्काम केला तर आंबोली खरी कळते. पाऊस इतका की टॉवेल तीन दिवस वाळला नाही, आणि कुणाची तक्रारही नव्हती.

रात्री गावातला एक मुलगा आम्हाला विजेऱ्या देऊन बेडूक दाखवायला घेऊन गेला. पाणी साठलेल्या एका टाक्यावर झाडाची फांदी झुकली होती आणि पानांना साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटला होता. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. मादी द्रव फेटून त्याचा फेस करते, अंडी त्यात सुरक्षित राहतात आणि पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. आम्ही बघत असतानाच एक पडलं. टप्प. एवढासा आवाज, पण पाच मोठी माणसं श्वास रोखून उभी होती. थोड्या वेळाने दुसरं पडलं. आमच्यात एक मैत्रीण तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिने माझा हात असा काही घट्ट धरला!

हिरण्यकेशीलाही जा. तिथल्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कृपा करून कुंडात काही टाकू नका.

*

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. आम्ही पहिल्यांदा माथेरानला गेलो ते १९७९ साली, सात मित्र, नेरळहून पायी चढून. खिशात परतीच्या लोकलपुरते पैसे आणि जेवणाला वडापाव. तेव्हापासून दर फेब्रुवारीत जातो. बायका, मुलं, नोकऱ्या, बदल्या सगळं सांभाळून मोजून चार वर्षं चुकली असतील, त्यातली दोन कोविडची.

आता सगळे पासष्टीच्या पुढचे. दस्तुरीपासून ई-रिक्षा मिळायला लागल्या हे आमच्या गुडघ्यांवर उपकारच आहेत. तिथे गाडी म्हणजे पाप असं मीही म्हणायचो, पण माणसाने माणसाला ओढण्यापेक्षा हे शतपटीने बरं. त्या हातरिक्षात बसताना मला नेहमीच मान खाली घालावीशी वाटे.

कार्यक्रम ठरलेला. सकाळी बाजारात मिसळ, मग स्टेशनाजवळच्या बाकावर पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी जमेल तसं लुईझा पॉइंट. हातात खायचं काही धरून चालू नका, माकडं सोडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक गेला. त्या वर्षी जावं की नाही यावर वाद झाला, मग गेलो. लुईझाला तो नेहमी बसायचा त्या दगडावर कुणी बसलं नाही. समोर प्रबळगड तसाच होता. रात्री त्याच्या मुलाचा फोन आला, 'काका, पोचलात ना नीट?' पूर्वी असा फोन त्याची आई करायची.

या वर्षी तो मुलगाही आमच्याबरोबर आला. पत्त्यांत चांगला आहे, बापासारखा चिडत नाही. पुढच्या फेब्रुवारीसाठी खोल्या सांगून ठेवल्या आहेत, सगळ्या तळमजल्यावरच्या.