मदत हवी आहे: टॉरसाठीच्या प्रॉक्सीच्या लॉगमधील संदेश अचूक कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी,

टॉर हे जोडणी अनेक संगणकांमधून फिरवून वापरकर्त्याची ओळख लपवणारे जाळे आहे. ॲप्लिकेशनकडून आलेली सॉक्स विनंती (सॉक्स म्हणजे प्रॉक्सीमार्फत जोडणी मागण्याची पद्धत) टॉरच्या ९०५० या पोर्टकडे पाठवणारी, वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी एक छोटी प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्राम) मी सांभाळतो. तिच्या लॉगमधील (कामकाजाच्या नोंदींमधील) संदेश मला नव्याने लिहायचे आहेत, कारण आपली गोपनीयता टिकून आहे की नाही हे वापरकर्ता त्या ओळींवरूनच ठरवतो.

मुख्य प्रश्न डीएनएस गळतीच्या इशाऱ्याचा आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी यंत्रणा; ही विचारणा टॉरबाहेरून झाली, तर ते नाव इतरांना कळते, त्यालाच गळती म्हणतात. विनंतीत संकेतस्थळाच्या नावाऐवजी नुसता आयपी पत्ता आला, की सध्या ‘डीएनएस गळती झाली’ अशी नोंद होते. सॉक्सच्या आवृत्त्यांपैकी सॉक्स४ मध्ये फक्त पत्ताच पाठवता येतो. सॉक्स४ए आणि सॉक्स५ मध्ये नावही पाठवता येते, पण ते पाठवायचे की नाही हे ॲप्लिकेशन ठरवते. उदाहरणार्थ, कर्लला (वेबवरून माहिती आणणाऱ्या प्रोग्रामला) ‘सॉक्स५’ सांगितल्यास ते नावाचा पत्ता स्वतःच शोधते आणि ‘सॉक्स५एच’ सांगितल्यास ते काम प्रॉक्सीवर सोपवते. तरीही पत्ता आला म्हणजे गळती झालीच, असे म्हणता येत नाही. वापरकर्त्याने तो स्वतः टाइप केलेला असू शकतो किंवा टॉर-रिझॉल्व्ह हे टॉरसोबतचे साधन वापरून टॉरमार्फतच मिळवलेला असू शकतो. उलट, नाव आले म्हणून ‘सुरक्षित’ असे लिहिणेही तितकेच चूक आहे, कारण त्याच ॲप्लिकेशनने प्रॉक्सीला वगळून वेगळी डीएनएस विचारणा केली असेल, तर ती आपल्याला दिसतच नाही. टॉर स्वतः अशा वेळी ‘माहिती गळू शकते’ एवढेच म्हणतो, आणि मला ते योग्य वाटते.

‘डीएनएस गळती झाली’ या नोंदीऐवजी मी असा मजकूर योजला आहे: ‘सॉक्स५ विनंतीत नाव नाही, फक्त आयपी पत्ता आहे (पोर्ट ४४३). ॲप्लिकेशनने नाव स्वतः शोधले असल्यास ते टॉरबाहेर उघड झाले असू शकते.’ यात काही खटकते का? आणि याची पातळी ‘इशारा’ ठेवावी की ‘सूचना’? प्रत्येक विनंतीला इशारा आला, तर लोक तो वाचणेच सोडतील, अशी मला भीती वाटते.

जोडणी अपयशी ठरल्यावरच्या संदेशांतही हाच, माहीत आहे त्यापेक्षा जास्त ठामपणे सांगण्याचा दोष आहे. आरएफसी १९२८ मध्ये, म्हणजे सॉक्स५ चे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, नाव न सापडण्यासाठी स्वतंत्र उत्तर-क्रमांक नाही. टॉर त्यासाठी ‘होस्ट, म्हणजे पलीकडचा संगणक, गाठता येत नाही’ या अर्थाचा ४ हाच क्रमांक देतो, आणि आमची प्रॉक्सी तो पाहून ‘होस्टपर्यंत पोहोचता आले नाही’ असे ठामपणे लिहिते. तिथे दोन्ही शक्यता लिहाव्यात, असे माझे मत आहे.

शेवटची अडचण पत्ते झाकण्याची. टॉरमध्ये सेफलॉगिंग हे सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे लॉगमध्ये संवेदनशील पत्ते झाकले जातात. मलाही तसेच करायचे आहे, पण मग एकाच ठिकाणच्या दोन नोंदी जुळवता येत नाहीत. पत्त्याचा साधा हॅश (पत्त्यावरून गणिताने काढलेली, उलट फिरवता न येणारी खूण) उपयोगाचा नाही, कारण आयपीव्ही४ चे सुमारे ४२९ कोटी पत्ते एकेक करून तपासता येतात. प्रॉक्सी सुरू होताना तयार होणारी आणि फक्त मेमरीत राहणारी गुप्त किल्ली वापरून केलेला हॅश पुरेसा ठरेल का, की प्रत्येक जोडणीला निव्वळ अनुक्रमांक देणे अधिक सुरक्षित? असे लॉग प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.