हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क: जाऊन आलेल्यांनी लिहा

बिग आयलंडला, म्हणजे हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर जाणारे बहुतेक सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: "लाव्हा दिसेल का?" याचं पक्कं उत्तर आगाऊ कुणीच देऊ शकत नाही. किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावर, हालेमाउमाउ विवरात, २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला उद्रेक सलग चालत नाही. काही तास, कधी काही दिवस लाव्हाची कारंजी उडतात. मग कित्येक दिवस, कधी काही आठवडे, सगळं थंड. म्हणून माझं मत असं की लाव्हा दिसला नाही तरी सहल भरून पावेल असा बेत आखावा, आणि मुक्काम मात्र जवळ ठेवावा. कोनाहून पार्क दोन-अडीच तासांवर आहे, हिलोहून तासाच्या आत. तुम्ही कुठे राहिलात, सोबत कोण होतं, काय बघितलंत, सविस्तर लिहा.

*

आम्ही पार्कला लागून असलेल्या व्होल्कॅनो गावात राहिलो आणि त्याचं चीज झालं. हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी रोज अहवाल देते, पुढच्या टप्प्याचा अंदाजही सांगते. लाइव्ह कॅमेरे आहेत ते वेगळेच. नवरा फोन उशाशी घेऊनच झोपला होता. मध्यरात्रीनंतर लाव्हा तोंडातून उतू जाताना कॅमेऱ्यात दिसला, तशी मुलांना उठवून जॅकेटं चढवली आणि निघालो. पार्क चोवीस तास उघडं असतं. डेव्हस्टेशन ट्रेलच्या पार्किंगपासून केआनाकाकोई विवराच्या कठड्यापर्यंत साधारण मैलभर चालावं लागतं. जुना डांबरी रस्ता आहे, तरी टॉर्च हवाच.

कारंजं वर चढलं तेव्हा आवाज एवढा होता की शेजारच्याचं बोलणं कळेना. इतक्या लांबून चेहऱ्याला धग लागत होती आणि पाठ गारठली होती. सकाळी मुलीच्या बाहीवर बारीक सोनेरी तंतू चिकटलेले दिसले. त्यांना 'पेलेचे केस' म्हणतात, पेले म्हणजे हवाईची ज्वालामुखीची देवी. ती ताणली गेलेली काचच असते, त्यामुळे हाताने चोळायचं नाही, डोळ्यांना तर अजिबात हात लावायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी चष्मा घालून जावं.

*

वर अंदाजाचा उल्लेख आलाय म्हणून थोडं लिहिते, माझा अभ्यासाचा विषय आहे. माथ्याखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, साठत जातो तशी जमीन फुगते आणि किंचित कलते. हा कल टिल्टमीटर मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. किलोमीटरभर लांबीची फळी एका टोकाला एक मिलिमीटर उचलली की होतो तेवढा एक मायक्रोरेडियन! कारंजं उडालं की जमीन बसते, कल उलटा फिरतो. तो पुन्हा आधीच्या पातळीजवळ आला की पुढचा टप्पा जवळ आला असं धरतात. भरण्याचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे अंदाजात नेमकी वेळ नसते, काही दिवसांची मुदत असते. विमानाचं तिकीट त्या मुदतीच्या भरवशावर काढू नका. बेटावर पोचल्यावर मात्र रोजचा अहवाल नक्की वाचा.

*

माझ्या वडिलांना दमा आहे, त्यामुळे आमचं सगळं नियोजन हवेभोवती फिरत होतं. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि त्याचं धुरकट आवरण तयार होतं, त्याला तिकडे 'व्हॉग' म्हणतात. ईशान्येचे व्यापारी वारे वाहत असले की तो नैऋत्येला, काऊ आणि कोना या भागांकडे जातो. वारा पडला की माथ्यावरच रेंगाळतो. रोज सकाळी आधी वाऱ्याची दिशा आणि हवेची पातळी बघायची, मगच बाबांना विचारायचं. सल्फर बँक्सना, जिथे जमिनीतून गंधकाचे वायू येतात, त्यांना नेलंच नाही. त्याऐवजी चेन ऑफ क्रेटर्स रोडने खाली समुद्रापर्यंत गेलो. सुमारे तीस किलोमीटरचा उतार, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या सालांचे काळे लाव्हा, आणि शेवटी होलेईची दगडी कमान. बाबा एका वळणावर अर्धा तास नुसते बघत बसले होते. घरात दमा, हृदयविकार, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

*

आम्हाला लाव्हा दिसला नाही. तरीही माझ्या लेखी हा आजवरचा सगळ्यात अविस्मरणीय प्रवास, आणि त्याचं श्रेय किलाउएआ इकीला. १९५९ मध्ये या विवरात ५८० मीटर उंच कारंजं उडालं होतं आणि तळाशी लाव्हाचं तळं साचलं होतं. आज त्याच तळ्याच्या गोठलेल्या पाठीवरून आपण चालतो. पायवाट ओहिया झाडांच्या दाट जंगलातून सुमारे चारशे फूट उतरते आणि एकदम उघडं काळं मैदान समोर येतं. मध्ये भेगा, त्यांतून येणारी वाफ. तिच्यावर हात धरला तर तळवा ओला होतो. फटीत एखादं वीतभर ओहिया, त्यावर लालभडक लेहुआचं फूल. ते पाहून मी खरोखर भारावून गेलो. वाट दाखवायला दगडांच्या राशी रचलेल्या आहेत, त्यांना हात लावू नका आणि नव्या रचूही नका, मागून येणारा चुकतो. सकाळी लवकर उतरा, नंतर पार्किंग मिळत नाही आणि पाऊस कधीही येतो.

*

एक गोष्ट कळकळीने सांगते. हवाईच्या मूळ लोकांसाठी हालेमाउमाउ हे पेलेचं घर आहे, आजही. कठड्याशी कुणी मंत्रपठण करत असेल तर आवाज बंद ठेवा, कॅमेरा खाली ठेवा. दगड, वाळू काही उचलू नका, कायद्यानेही मनाई आहे. कुंपणापलीकडे फोटोसाठी पाय टाकणारे पाहिले की जीव खालीवर होतो, कारण विवराची कड कित्येक ठिकाणी खालून पोकळ असते. आणि रस्त्यावर नेने हंस दिसले तर गाडी हळू करा, खायला देऊ नका.

*

२०१८ च्या उन्हाळ्यात आमचं बुकिंग होतं आणि पार्क ११ मेपासून बंद झालं ते २२ सप्टेंबरपर्यंत. माथा खचत होता, आणि खाली बेटाच्या पुना भागात सातशेहून जास्त घरं लाव्हाखाली गेली. हिलोत भेटलेल्या एका बाईंचं घर त्यात होतं, तेव्हापासून मी 'नशीब, उद्रेक चालू आहे' असं म्हणत नाही. मुक्काम रद्द करता येईल असाच घ्या.

*

पार्कची प्रवेश फी: गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते, गेटवर रोख घेत नाहीत. चेन ऑफ क्रेटर्स रोडवर पेट्रोल आणि खायला काही नाही, टाकी आधी भरा आणि पाणी सोबत घ्या. माथा बाराशे मीटर उंचीवर आहे, किनाऱ्यावरचे कपडे चालत नाहीत. ड्रोनला बंदी आहे. दम्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुढे जमलं तर एक सांगा: वडिलांना चेन ऑफ क्रेटर्स रोडवर कुठे कुठे गाडीतून न उतरताही नीट बघता आलं?