मदत हवी आहे: १७७६ ते १७८९ या काळात अमेरिकेचा अध्यक्ष कोण होता?

नमस्कार. माझ्या सासूबाई अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करत आहेत. त्यांचे वय ७१ असून ग्रीन कार्ड मिळून १६ वर्षे झाली आहेत, त्यामुळे त्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट आहे आणि नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीतून देता येणार आहेत. पाठांतराची त्यांना मुळीच धास्ती नाही. मात्र त्यांनी साताऱ्याच्या शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवलेला आहे आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

वर्गात फळ्यावर पेशव्यांची सनावळी मांडत असत त्याच पद्धतीने त्यांनी वहीत लाल शाईने रेघा मारून अमेरिकेच्या अध्यक्षांचा तक्ता केला आहे. सर्वांत वर ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्याखाली जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ ते १७९७, मग जॉन ॲडम्स १८०१ पर्यंत, थॉमस जेफरसन १८०९ पर्यंत, जेम्स मॅडिसन १८१७ पर्यंत आणि जेम्स मन्रो १८२५ पर्यंत. मधल्या १३ वर्षांची ओळ रिकामी आहे. "गादीवर कोणीच नव्हते असे लिहिणाऱ्या मुलाचे मी गुण कापले असते," असे त्या म्हणतात. त्यातच घरच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी पाठवले की खरा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन नसून जॉन हॅन्सन नावाचे गृहस्थ होते, आणि तेव्हापासून त्यांचा अधिकृत प्रश्नसंचावरचाही विश्वास डळमळला आहे.

जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर त्याच मंडळींच्या सह्या आहेत का, आणि निवडणुकीत हरलेले जेफरसन ॲडम्स यांचेच उपाध्यक्ष कसे झाले, हेही त्यांना समजून घ्यायचे आहे. मी संगणक क्षेत्रातली असल्याने माझी मजल प्रश्नसंचापुढे जात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या सासूबाईंनी ती ओळ रिकामी ठेवली हे योग्यच केले, कारण त्या काळात त्या अर्थाने गादीच नव्हती. १७७४ पासून तेरा वसाहतींच्या, आणि पुढे राज्यांच्या, प्रतिनिधींची काँग्रेस भरत असे व तिच्या बैठका चालवणाऱ्या सभासदाला 'प्रेसिडेंट' म्हणत. मराठीत या पदाला 'सभापती' म्हटले की निम्मा घोळ मिटतो. या सभापतीला नकाराधिकार नव्हता, सैन्य त्याच्या हुकमतीत नव्हते आणि जनतेने त्याला निवडलेले नसे. १ मार्च १७८१ रोजी राज्यसंघाची कलमे, म्हणजे राज्यघटनेआधीचा तेरा राज्यांमधला करार, अमलात आली तेव्हा सॅम्युअल हंटिंग्टन सभापती होते, त्यांच्यानंतर टॉमस मॅकीन आले आणि नोव्हेंबर १७८१ मध्ये जॉन हॅन्सन. कलमांनुसार वर्षाची पूर्ण मुदत भोगणारे हॅन्सन पहिले, एवढाच त्या निरोपातला खरा भाग आहे. सभापतींनाच अध्यक्ष मानायचे असेल, तर पहिला मान १७७४ च्या पेटन रँडॉल्फ यांना द्यावा लागेल आणि जाहीरनाम्याच्या वेळचे जॉन हँकॉकही हॅन्सन यांच्या पुढे येतील.

२३ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टन यांनी अ‍ॅनापोलिस येथे सरसेनापतिपद काँग्रेसला परत केले, त्या सभेच्या अध्यक्षस्थानी टॉमस मिफ्लिन होते. वॉशिंग्टन यांनी राजीनामा दिला तो काँग्रेसकडे, मिफ्लिन यांच्याकडे नव्हे. सासूबाईंना हा प्रसंग जरूर सांगावा.

काँग्रेस दुबळी होती. तिला कर बसवता येत नव्हता, ती राज्यांकडे फक्त पैशांची मागणी करू शकत होती आणि एकही कलम बदलायचे तर तेराही राज्यांची संमती लागत असे. आयातीवर जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने हाणून पाडला. सैनिकांचे पगार थकले, कर्जे वाढली, १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली गेली. अध्यक्षपद जन्माला आले ते त्या घटनेत. वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये ३० एप्रिल १७८९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते या नव्या पदावरचे पहिलेच गृहस्थ होते.

सह्यांबाबत सासूबाईंचा अंदाज चुकीचा आहे. जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी २ ऑगस्ट १७७६ रोजी सही केली. त्यात ॲडम्स आणि जेफरसन आहेत, वॉशिंग्टन नाहीत, कारण ते सैन्यासह न्यूयॉर्कमध्ये होते. घटनेवर ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्यात वॉशिंग्टन आणि मॅडिसन आहेत, पण तेव्हा राजदूत म्हणून लंडनला असलेले ॲडम्स आणि पॅरिसला असलेले जेफरसन नाहीत. दोन्हींवर सही करणाऱ्या मोजक्या मंडळींत बेंजामिन फ्रँकलिन आहेत, आणि ते कधीच अध्यक्ष झाले नाहीत.

उपाध्यक्षाचा प्रकार मूळ नियमातून उद्भवला. प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेला प्रतिनिधी) दोन मते देई, सर्वाधिक मतांचा अध्यक्ष आणि त्याखालचा उपाध्यक्ष. १७९६ मध्ये ॲडम्स यांना ७१ आणि जेफरसन यांना ६८ मते पडली. पुढल्या खेपेला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडून बरोबरी झाली. प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान करून तिढा सोडवावा लागला, म्हणून १८०४ मध्ये बारावी दुरुस्ती झाली.

जाता जाता, यॉर्कटाउनला १७८१ मध्ये वॉशिंग्टन यांच्यापुढे ज्यांच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, ते लॉर्ड कॉर्नवॉलिस वॉशिंग्टन यांच्या १७८९ च्या शपथविधीच्या वेळी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होते, आणि पुढे टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन त्यांच्या बाजूने उभे होते.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. रिकाम्या ओळीत सासूबाईंनी आता 'काँग्रेस, सभापती वेळोवेळी निराळा' असे पेन्सिलीने लिहिले आहे आणि कॉर्नवॉलिससाठी समासात चौकट आखली आहे. 'सभापती' हा शब्द त्यांना पटला. मात्र मुलाखतीत वॉशिंग्टन यांना 'राष्ट्राध्यक्ष' म्हणावे की 'राष्ट्रपती', याचा निर्णय अजून झालेला नाही. दुभाष्याला दोन्ही समजतील असे मी म्हटले, पण कोणताही एकच शब्द शेवटपर्यंत वापरला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. यावर कोणी सुचवू शकेल का?