मदत हवी आहे : आरएक्स ६६०० की आरटीएक्स ३०५०? दिवसा व्हिडिओ संपादन, रात्री गेमिंग

नमस्कार मंडळी,

परभणीत माझा लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा आणि संपादनाचा छोटा व्यवसाय असून, संगणकासाठी २२-२३ हजारांपर्यंतचे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे. बरीच शोधाशोध केल्यावर निवड एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स ३०५० या दोघांवर येऊन अडली आहे. दिवसा त्या संगणकावर माझे काम चालते आणि रात्री मुलगा १०८०पी मॉनिटरवर गेम खेळतो. आतापर्यंत जे वाचले त्यावरून खेळासाठी एक कार्ड उजवे ठरते आणि कामासाठी दुसरे, त्यामुळे निर्णय होत नाही.

सध्या कोअर आय५ १०४००एफ, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा डबा) आणि ४ जीबी मेमरीचे जुने कार्ड आहे. डाविंची रिझॉल्व्ह या संपादन सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर सप्तपदीच्या शॉटवर दोन-तीन इफेक्ट चढवले आणि त्यावर वधूवरांच्या नावांचे फ्यूजनमधले (रिझॉल्व्हच्या इफेक्ट विभागातले) शीर्षक ठेवले, की जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाची) मेमरी भरल्याची सूचना येते आणि प्रिव्ह्यू तिथेच थांबतो. म्हणून ८ जीबी मेमरी ही माझी किमान अट आहे.

या अटीमुळे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कुडा कोअर (गणिते करणारे घटक) आणि १२८ बिटचा मेमरी बस (मेमरीशी जोडणारा मार्ग) आहे, तर २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि केवळ ९६ बिटचा बस आहे. दुसऱ्याला फक्त ७० वॅट लागतात आणि वेगळी पॉवर केबलही जोडावी लागत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. पण वेगात ते बरेच मागे पडते. दुकानदाराला फोन केला तर तो नुसते 'तीन हजार पन्नास आहे, घेऊन जा' म्हणतो आणि कोणते ते खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही. माझा प्रश्न फक्त ८ जीबीच्या कार्डाबद्दल आहे.

आता तुलना. कागदावर ही दोन्ही कार्डे जवळपास जुळी वाटतात. दोन्हींत ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी, १२८ बिटचा बस आणि सेकंदाला २२४ जीबी एवढी बँडविड्थ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ६६०० मध्ये स्ट्रीम प्रोसेसर (एएमडीचे तसेच घटक) १७९२ च आहेत, पण त्याचा बूस्ट क्लॉक २४९१ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ३०५० चा १७७७ पर्यंत. त्यामुळे हिशेब मांडला तर दोन्हींची गणनक्षमता ९ टेराफ्लॉप्सच्या (सेकंदाला ९ लाख कोटी गणिते) आसपासच येते. तरीही बहुतेक गेममध्ये ६६०० स्पष्टपणे पुढे असते, आणि १०८०पी वर हा फरक साधारण पाव हिश्शाचा किंवा त्याहून थोडा अधिक असल्याचे बहुतेक चाचण्यांत दिसते. मला समजलेली कारणे अशी की ६६०० मध्ये ३२ एमबीचा इन्फिनिटी कॅश (चिपमधलीच वेगवान साठवण) असल्याने मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही, पिक्सेल लिहिणारे आरओपी ६४ विरुद्ध ३२ असे दुप्पट आहेत, आणि ३०५० च्या निम्म्या कोअरना पूर्णांकांची गणितेही सांभाळावी लागत असल्याने त्याचा २५६० हा आकडा गेममध्ये पुरता वसूल होत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचे वास्तवासारखे चित्रण) सुरू केले की हा फरक पुष्कळ कमी होतो, परंतु या किमतीच्या कार्डावर रे ट्रेसिंग लावून कोणी सुखाने खेळत असेल असे मला वाटत नाही.

माझा प्रोसेसर पीसीआयई ३.० (कार्ड जोडण्याच्या मार्गाची जुनी, कमी वेगाची पिढी) चा आहे आणि दोन्ही कार्डे त्या मार्गाच्या आठच लेन वापरतात. मात्र मेमरी ८ जीबी असल्याने त्याचा तोटा किरकोळ असतो, असे दिसते.

कामाच्या बाजूने पाहिले तर पारडे फिरते. कार्डाकडून गणिते करून घेण्यासाठी रिझॉल्व्ह ३०५० वर एनव्हिडियाची कुडा प्रणाली वापरते आणि ६६०० वर ओपनसीएल. पत्रिकेच्या व्हिडिओसाठी मी ब्लेंडरमध्ये त्रिमितीय अक्षरे करतो, तिथे रेंडर करताना एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स प्रणालीचा वेग एएमडीच्या एचआयपी प्रणालीपेक्षा चांगलाच जास्त असतो. कमी बिटरेटवर एच.२६४ एक्स्पोर्ट करताना एनव्हिडियाचा एन्कोडर चित्र अधिक स्वच्छ ठेवतो, आणि ग्राहक व्हिडिओ मोबाइलवरच मागत असल्याने हा मुद्दा माझ्यासाठी लहान नाही. शिवाय कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून गेमचा वेग वाढवणाऱ्या तंत्रांपैकी एनव्हिडियाचे डीएलएसएस फक्त ३०५० वर चालते, एएमडीचे एफएसआर मात्र दोन्हींवर. एक मुद्दा दोन्हींना सारखाच लागू आहे : ४:२:२ रंगनमुन्याचे १० बिट एच.२६५ फुटेज यांपैकी एकही कार्ड हार्डवेअरवर डीकोड करत नाही, त्यामुळे तसे चित्रीकरण करणाऱ्याने या कार्डांकडून प्रिव्ह्यू सुरळीत होण्याची आशा ठेवू नये. मी ४:२:० वरच चित्रीकरण करतो.

विजेचा प्रश्न आमच्याकडे सर्वांत आधी येतो. ६६०० ला १३२ वॅट आणि ३०५० ला १३० वॅट लागतात, म्हणजे फरक नाहीच; तरी एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानते आणि एनव्हिडिया ५५० वॅटचा सुचवते, याचे मला कोडे पडले आहे. माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचा. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचे सगळे धरून भार ३०० वॅटच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. वीज गेल्यावर प्रोजेक्ट सेव्ह करण्यापुरती दोन मिनिटे मिळाली तरी मला चालेल, पण एवढ्या भारावर यूपीएसने लगेच मान टाकू नये.

त्यातच मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो आणि नेमकी तीच लग्नसराई असते. माझ्या खोलीत एसी नाही, त्यामुळे कोणतेही कार्ड घेतले तरी दोन पंख्यांचेच घेणार आहे.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे. ६६०० वर रिझॉल्व्ह रोज वापरणारे कोणी असल्यास ओपनसीएलमुळे काम अडते का, की फक्त थोडे हळू होते? २०२५ च्या अखेरीस एएमडीने आरडीएनए १ आणि २ या जुन्या पिढ्यांचे (६६०० दुसऱ्या पिढीतले आहे) ड्रायव्हर वेगळ्या शाखेत नेले आहेत, तर ६६०० आज नवे घेणे शहाणपणाचे ठरेल का? आणि चांगल्या प्रतीच्या ४५० वॅट एसएमपीएसवर ८ जीबीचे ३०५० कोणी उन्हाळाभर चालवले आहे का? माझा कल सध्या ३०५० कडे आहे, कारण घर कामावर चालते. मात्र मुलाच्या गेममधला पाव हिस्सा वेग सोडून देण्याइतका कामाचा फायदा खरोखर होतो की नाही, याची खात्री करून घ्यायची आहे. शक्य असल्यास दहा मिनिटांची ४के टाइमलाइन १०८०पी एच.२६४ मध्ये एक्स्पोर्ट व्हायला तुमच्या कार्डावर किती वेळ लागतो तेवढे कळवावे, आणि सोबत प्रोसेसर, रॅम व रिझॉल्व्हची मोफत की स्टुडिओ आवृत्ती हेही लिहावे.