मदत हवी आहे: स्ट्रटमध्ये नवं कार्ट्रिज बसवताना नळीत तेल घालायचं का?

नमस्कार मंडळी. मी यावलचा. घरी १९९८ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली. पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. वडिलांचं मणक्याचं दुखणं आहे, दर पंधरा दिवसांनी त्यांना भुसावळला दाखवायला न्यावं लागतं. तापीच्या पुलापर्यंत जाईतो प्रत्येक खड्ड्याला ते दारावरची मूठ घट्ट धरतात, बोलत काही नाहीत. मला ते बघवत नाही, म्हणून काम लगेच काढलं.

माझ्या गाडीचा स्ट्रट (पुढच्या चाकावरचा स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) वरचा मोठा नट फिरवून उघडतो. आतला जुना दांडा आणि पिस्टन काढून त्या जागी तयार बंद कार्ट्रिज, म्हणजे नळीत मावणारा सीलबंद शॉकअप, बसवायचं आहे. जुना सांगाडा उपसला तेव्हा नळीतून काळं तेल निघालं, कटिंगच्या ग्लासात मावेल एवढं. उन्हात धरलं तर त्यात लोखंडाची बारीक चकाकी दिसत होती. नळी रॉकेलने धुऊन पुसून ठेवली आहे.

आता अडलंय ते इथे. गावातले मिस्त्री म्हणतात, "काय गरज शे तेलनी? कार्ट्रिज बंद शे." भुसावळचे दुसरे म्हणतात, तेल घातल्याशिवाय बसवूच नका, उन्हाळ्यात शॉकअप टिकणार नाही. दोघंही अनुभवी, दोघांचाही हात चांगला. कोणाचं ऐकू? घालायचं तर कोणतं आणि किती? कार्ट्रिजच्या खोक्यात कागद नव्हता.

प्रतिसाद १
दादा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या जुन्या स्ट्रटमध्ये नळी हेच शॉकअपचं बाहेरचं अंग होतं, काम करणारं तेल त्यातच होतं. ते कमी झालं की शॉकअप मेला. नव्या कार्ट्रिजचं तेल त्याच्या स्वतःच्या पोटात सीलबंद आहे. नळीतल्या तेलाने दणका एक टक्काही जास्त शोषला जाणार नाही, एवढं मिस्त्रींचं खरं.

पण शॉकअप दणका गिळतो म्हणजे त्याची उष्णता करतो. ती बाहेर जायला हवी. कार्ट्रिज आणि नळी यांच्यामध्ये फट राहते, त्या फटीत नुसती हवा असेल तर उष्णता आतच कोंडते. हवा उष्णता नीट पुढे नेत नाही, तेल नेते. तेलातून ती नळीच्या पत्र्यावर येते आणि धावत्या गाडीचा वारा ती घेऊन जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, तिथे मी तरी कोरडं बसवणार नाही. शिवाय नळी आतून गंजत नाही, पुढच्या वेळी कार्ट्रिज अडकून बसत नाही.

साधं इंजिन ऑइल चालेल. ब्रेक ऑइल अजिबात नको.

किती, हे मोजून सांगता येत नाही, फट किती त्यावर आहे. भरल्या घागरीत तांब्या बुडवला की पाणी वर चढतं ना, तसंच. आधी थोडंसंच ओता, कार्ट्रिज सावकाश खाली सोडा आणि तेल कुठवर आलं ते बघा. काठापासून दोन बोटं खाली थांबलं पाहिजे. काठोकाठ भरू नका. तापलं की तेल फुगतं आणि नटाच्या आट्यांतून बाहेर येतं. मग लोक नवा शॉकअप गळतोय म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आणि कळकळीने सांगतो, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी नीट लावल्याशिवाय दांड्याच्या टोकावरचा मधला नट सोडू नका. ती स्प्रिंग सुटली तर हात जातो.

धागाकर्ता
खूप आभार दादा. दोन्ही बाजूंना तसंच केलं. पहिल्या वेळी जास्त झालं होतं, कार्ट्रिज वर घेऊन थोडं तेल परत काढलं. नट घट्ट केले, अलाइनमेंट करून घेतलं. काल भुसावळला जाऊन आलो. घरी आल्यावर नटाभोवती चिंधी फिरवून पाहिली, कोरडी निघाली. वडील जाता-येता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.